मैदान बंद नाही

आमच्या शाळेत भांडायचं खातं राजेश्वरी असवलेकडे होतं. वेळापत्रकात तिच्या नावापुढे ‘शारीरिक शिक्षण’ एवढंच लिहिलेलं असे. पण एसटी शाळेसमोर थांबेनाशी झाली, पाण्याच्या टाकीत पाल निघाली, किंवा नववीतल्या एखाद्या पोरीचं लग्न ठरतंय अशी कुणकुण लागली, की सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळायच्या. मी तिथे मराठी शिकवते. आमची शाळा पवनानगरच्या अलीकडे, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून उभी आहे. शिरगावहून राजेश्वरी स्कूटरवर यायची, वाटेत तळेगावात मला मागे बसवायची. सकाळी कोणाशी भांडायचं आहे ते मला सगळ्यांत आधी कळायचं.

ती टाकवे बुद्रुकची. वडील मारुती असवले भातशेती करायचे. भात निघालं की रिकाम्या खाचरात पोरं कबड्डी खेळायची आणि ही त्यांच्यात घुसायची. चुलत्यांना ते खपेना. “पोरगी हाफ पँट घालून खेळनार? आमी गावात तोंड कसं दावायचं?” मारुतीभाऊ म्हणाले होते, “तुमाला बगवत न्हाई ना, मग तिकडं पाठ करून बसा.” पुढे ती जिल्ह्याकडून खेळली, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. लग्नानंतर आडनाव बदलायची वेळ आली तेव्हा म्हणाली, “सगळ्या प्रमाणपत्रांवर असवले आहे, आता राहू दे तसंच.” नवरा निलेश तळेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्याने फक्त मान हलवली. त्याला सवय झाली होती.

तिच्या अगदी उलट स्वभावाचे म्हणजे आगाशे सर. शरच्चंद्र आगाशे, विज्ञानाचे शिक्षक, राहणार लोणावळा, मी सांगतेय तेव्हा निवृत्तीला जेमतेम दोन वर्षं उरलेली. त्यांचा आवाज कधी वर्गाबाहेर ऐकू आला नाही. त्यांच्या पत्नी चंद्रिकावहिनी आम्हा सगळ्यांना नावाने ओळखायच्या. शाळेची सहल लोणावळ्यात गेली की सगळ्या पोरांना अंगणात बसवून कोकम सरबत पाजायच्या.

कोरोना आला, शाळा बंद झाली आणि आम्हा शिक्षकांना नाक्यावर गाड्या तपासायला उभं केलं. पुढे घरोघर जाऊन ताप मोजायचं काम आलं. आम्ही ते केलं. दुसऱ्या लाटेत चंद्रिकावहिनी आजारी पडल्या. कुठे खाट मिळेना. राजेश्वरी आणि निलेश गाडी घेऊन दिवसभर सरांबरोबर दवाखाने हिंडले. शेवटी एका ठिकाणी जागा मिळाली. वहिनींना आत नेलं आणि दार लागलं. त्यानंतर सरांना त्यांचा चेहरा दिसला नाही. स्मशानात सरांखेरीज तिघंच होती: राजेश्वरी, निलेश आणि आमचे मुख्याध्यापक गराडे सर. आम्हा बाकीच्यांना सोडलं नव्हतं.

घटस्थापनेच्या दोन-तीन दिवस आधी शाळा पुन्हा सुरू झाली. नियम भरपूर होते. एका बाकावर एक मूल. तोंडाला मास्क. प्रार्थना नाही, डबा वाटून खायचा नाही, खेळ तर अजिबात नाही. राजेश्वरीच्या हातात ताप मोजायची बंदूक देऊन तिला फाटकात उभं केलं. आमच्या सेविका भामाबाई पहाटे येऊन सगळे बाक, दारं, कड्या क्लोरीनच्या पाण्याने पुसून घ्यायच्या. वर्गात शिरलं की डोळे चुरचुरायचे.

पहिल्या दिवशी आगाशे सर पांढरा शर्ट घालून, खडू घेऊन आठवीच्या वर्गाकडे निघाले. दारापर्यंत गेले आणि थांबले. मी शेजारच्या वर्गातून बघत होते. त्यांनी चौकटीला हात लावला, काढून घेतला आणि ते शिक्षकखोलीत परत येऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दोन पावलं आत गेले, पण घामाने भिजून बाहेर आले.

कोणी काही ठरवलं नाही, पण त्यांचे तास आपोआप वाटले गेले. गराडे सर स्वतः विज्ञान शिकवू लागले, मी दोन वर्ग एकत्र घेऊ लागले. सर खिडकीशी बसून वह्या तपासायचे. वह्या संपल्या की तपासलेल्याच पुन्हा बघायचे.

गोष्ट बाहेर जायला वेळ लागला नाही. संस्थेच्या सचिवांचा गराडे सरांना फोन आला. आगाश्यांना झेपत नसेल तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यायला सांगा, पालक बोलायला लागलेत. गराडे सर सरळ माणूस, पण वरून फोन आला की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. त्यांनी ते आम्हाला सांगितलं आणि चष्मा पुसत बसले.

“अर्ज कोण मागणार त्यांच्याकडे?” राजेश्वरीने विचारलं.

“मीच मागायला हवा. मुख्याध्यापक आहे ना.”

“मागू नका,” ती म्हणाली. “माझं ऐका, आठवडाभर मागू नका.”

दुपारी ती आगाशे सरांसमोर खुर्ची ओढून बसली. इकडचं तिकडचं बोलणं तिला जमत नाही. “सर, दारात गेल्यावर नेमकं काय होतं?”

सरांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, “तो वास. दवाखान्यातही तोच होता. आणि मागे दार लागलं की वाटतं, आता पलीकडे काय चाललंय ते आपल्याला कुणी सांगणार नाही.”

“म्हणजे पोरांसमोर उभं राहायला अडचण नाही?”

“पोरांची कशी असेल?”

“मग आत जायचंच कशाला?” ती म्हणाली आणि उठली.

तिने क्रीडासाहित्याच्या खोलीतून फक्कीची गोणी ओढत आणली. एरवी त्या पांढऱ्या भुकटीने ती कबड्डीच्या रेषा आखायची. त्या दिवशी करंजाच्या झाडांखाली तिने अंतर सोडून चौकोन आखले, प्रत्येक पोराला एक. आठवीचा वर्ग बाहेर आणला, ज्याला त्याला आपापल्या चौकोनात बसवलं आणि सरांना बोलावून आणलं. मग स्वतः पाठीमागे जाऊन उभी राहिली.

सर उभे राहिले, पण बोलता येईना. खाली धरणाचं पाणी दिसत होतं. पोरं मास्कवरून नुसते डोळे काढून त्यांच्याकडे बघत होती. मी माझ्या वर्गाच्या खिडकीत होते आणि मला वाटलं, फसलं हे. राजेश्वरी मात्र जागची हलली नाही.

शेवटी पुढच्या रांगेतली कोमल उठली. “सर, आमचे आबा बी गेले. आमाला बी बगू दिलं न्हाई.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. “काय नाव होतं आबांचं?”

“ओंकार. पन सगळी त्यांला भाऊ म्हनायची.”

“काय करायचे?”

“मासं धरायचे धरनात. मला बी शिकवलंय जाळं टाकायला.”

मग एकेक जण बोलू लागला. कुणाची मावशी, कुणाचा चुलता, कुणाचा शेजारी. दीड वर्षात त्या पोरांना हे कुणी विचारलंच नव्हतं. मोबाइलवर आम्ही त्यांना गृहपाठ पाठवत होतो. सर मधेच खाली बसले, एका रिकाम्या चौकोनात, मांडी घालून, आणि त्यांनीही सांगितलं, “माझी बायको गेली. चंद्रिका नाव तिचं. तुमच्यातले काही तिच्या हातचं सरबत प्यायलेत.” त्या तासाला विज्ञान शिकवलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी मुलांना बांधावरून भाताचं एकेक रोप मुळासकट आणायला सांगितलं आणि मुळापासून लोंबीपर्यंत सगळं हातात धरून शिकवलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच शाळाभर ऐकू आला. बाहेर बोलायचं म्हणजे मोठ्याने बोलावंच लागतं.

हेही वर पोचलं. या वेळी सचिव फोनवर थांबले नाहीत, गाडी घेऊन आले. शाळा सुरू होऊन नुकताच पंधरवडा उलटला होता. शिक्षकखोलीत आम्ही सगळे उभे होतो. सचिव म्हणाले, “मैदानावर कार्यक्रम बंद आहेत. परिपत्रक वाचलंय ना तुम्ही?”

“वाचलंय,” राजेश्वरी म्हणाली. “खेळ बंद आहे. मैदान बंद नाही.”

“शब्दांचे खेळ करू नका. एका माणसासाठी शाळेची शिस्त मोडायची का?”

“शाळा माणसांचीच असते साहेब. एकेकच असतात सगळी.”

“मॅडम, तुम्ही खेळाच्या शिक्षिका आहात. तुमचा यात संबंध काय?”

“नाक्यावर बारा-बारा तास उभं केलंत तेव्हा कुणी विचारलं नाही, की खेळाच्या शिक्षिकेचा गाड्यांशी संबंध काय.”

सचिवांचा चेहरा लाल झाला. ते आगाशे सरांकडे वळले. “तुम्ही तरी समजून घ्या. सन्मानाने जा.” सरांनी खाली पाहिलं. तेवढ्यात राजेश्वरीचा शहरी सूर गेला आणि टाकव्याचा आला. “त्यांनी का जावं? चूक काय त्यांची, बायको मेली ही? सर हितंच राहतील. अर्ज द्यायचा असंल तर त्यांच्या मनानं देतील. आमी कुणी मागनार न्हाई, आन तुमी बी मागायचा न्हाई.”

“उद्यापासून आठवीचा वर्ग आत बसला पाहिजे,” सचिव म्हणाले. “एकच वर्ग बाहेर, हे चालणार नाही. उद्या येऊन मी स्वतः बघणार आहे.” आणि गेले.

 पहिले बोलले ते गराडे सर, आणि तेही छताकडे बघत. “एकच वर्ग बाहेर चालणार नाही, असं म्हणाले ना?”

“हो.”

“फक्की किती आहे आपल्याकडे?”

संध्याकाळी आम्ही सगळे मैदानात वाकून चौकोन आखत होतो. भामाबाई दोरी धरून पुढे, मी मागे, गराडे सर पँट दुमडून मध्ये. आगाशे सर अंतर मोजत होते. भामाबाई म्हणाल्या, “मला तर बरंच झालं. त्या वासानं माजं डोकं धरतंय. उद्या बाक पुसायचं न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी सचिव आले, तेव्हा पाचवी ते दहावी सगळी शाळा मैदानात होती. माझी सहावी फाटकाला सगळ्यांत जवळ होती. मी शिकवत राहिले. पण पाठीवर त्यांची नजर जाणवत होती, हे खरं. गराडे सर पुढे झाले. “सर, एकच वर्ग बाहेर नको म्हणालात. बरोबर आहे तुमचं. सगळ्यांना सारखी वागणूक हवी. हवाही खेळती राहते, सुरक्षित आहे.” त्यांचा आवाज अजिबात बारीक झाला नव्हता.

सचिव रांगांमधून फिरले. पालकही जमले होते कुंपणापाशी. कोमलची आजी त्यांत होती. ती म्हणाली, “ल्येकरं लय दिसांनी बोलाय लागली, सायब. आत कोंडू नका.”  भामाबाईंनी आणलेला चहा न घेता सचिव गाडीत बसले.

आठ दिवसांनी राजेश्वरीच्या नावाने कारणे दाखवा नोटीस आली. वरिष्ठांशी उद्धट वर्तन. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा खचलेलं पाहिलं. घरी सासऱ्यांची तब्येत बरी नव्हती, निलेशच्या कारखान्यात माणसं कमी करत होते, आणि वरून हे. ती क्रीडासाहित्याच्या खोलीत गेली, दार लावलं आणि बाहेर येईना. मी दार वाजवलं तर म्हणाली, “मला थोडा वेळ दे गं.”

आगाशे सर माझ्या मागून आले. त्यांनी दार ढकललं, आत गेले आणि दार आपल्या मागे लोटून घेतलं. मी बाहेरच थांबले. आतून राजेश्वरीचा आवाज आला, “सर, तुम्हाला त्रास होईल, बाहेर जा.” सर म्हणाले, “इथे तो वास नाही. इथे नुसता उंदरांचा आहे.” आणि ती हसली, रडता रडता.

उत्तर दोघांनी मिळून लिहिलं. सरांची भाषा आणि तिचा हट्ट. माफी कुठेही नव्हती. ‘मी जे बोलले ते पुन्हा बोलावं लागलं तर बोलेन, याची नोंद घ्यावी,’ असं शेवटचं वाक्य होतं. सरांनी ‘नम्रपणे’ हा शब्द घातला, तिने तो खोडला, सरांनी पुन्हा घातला. शेवटी राहिला.

जानेवारीत शाळा पुन्हा काही दिवस बंद झाल्या. तेव्हा आगाशे सर कामशेतहून जीप पकडून वाड्यावस्त्यांवर जायचे आणि कुणाच्या पडवीत, कुणाच्या खळ्यावर पोरांना शिकवायचे. पुढे शाळा नेहमीसारखी भरू लागली तरी त्यांनी वर्ग बाहेर किंवा व्हरांड्यातच घेतले. निवृत्त होईपर्यंत ते आठवीच्या त्या खोलीत गेले नाहीत. आम्हीही कधी ‘आता जमेल की’ असं म्हणालो नाही.

दोन वर्षांनी संस्थेच्या वार्षिक समारंभात सचिवांनी संस्थेच्या ‘मोकळ्या आभाळाखालची शाळा’ या अभिनव उपक्रमाचा गौरव केला आणि राजेश्वरीला मंचावर दोन शब्द बोलायला बोलावलं. ती खुर्चीवरून उठली नाही. तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आधी ती नोटीस मागे घ्या, मग बोलते.” गराडे सरांना ठसका लागला. आगाशे सर पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकट्यानेच, बराच वेळ.

नोटीस मागे घेतलेली नाही. सध्या तिचं भांडण मुलींना सामन्याआधी कपडे बदलायला खोली हवी, यावरून चालू आहे. काल स्कूटरवर ती मला सांगत होती, की सोमवारी सगळ्या मुलींना घेऊन थेट संस्थेच्या कार्यालयात जायचं. मी विचारलं, “आणि नाही म्हणाले तर?” तिने आरशात माझ्याकडे पाहिलं. “म्हणू दे की,” ती म्हणाली आणि कान्ह्याच्या वळणावर गाडीचा वेग वाढवला.