गोडादऱ्याच्या देवीचे डोळे

यशवंतचा मृत्यू मंगळवारी दुपारी वर्कशॉपमध्ये झाला. मूर्तीचे डोळे राहिले होते.

दिवसकार्य झाल्यावर मी पर्वत पाटियाजवळच्या आमच्या शेडचं कुलूप काढलं. यशवंत माझा नवरा. बडोद्याला आम्ही एकाच वर्गात शिल्पकला शिकलो. सुरतेत तो दगडाचं काम करायचा, मी ड्रॉइंग आणि मापं सांभाळायची. हरजीभाई आमचे जुने कारागीर.

ऑर्डर सुरतेतल्याच गोडादऱ्याच्या नव्या मंदिराची होती. नव्वद सालानंतर तिथे कापडाचे लूम वाढले आणि खानदेशातली माणसंही. त्यांना वणीच्या गडावरची सप्तशृंगी हवी होती, अठरा हातांची. यशवंतने ती ध्रांगध्राच्या दगडात घडवली.

मूर्तीचे डोळे शेवटी करतात. तोवर तिथे दगडाचा उंचवटा ठेवतात, कारण एकदा काढलेला दगड परत लावता येत नाही. यशवंतने त्या उंचवट्यांवर पेन्सिलने पापण्यांच्या रेघा काढून ठेवल्या होत्या. अर्ध्या मिटलेल्या पापण्या. जुन्या देवळांतल्या कितीतरी देवींचे डोळे तसे असतात, नजर आत वळलेली. त्या रेघांवरून छिन्नी चालवायची होती. ते मी करणार होते. त्याचं शेवटचं काम त्याच्या रेघेवर पुरं व्हावं, यापलीकडे मला तेव्हा काही नको होतं.

मंदिर कमिटीचे अध्यक्ष भिकनआप्पा भेटायला आले. सोबत त्यांची म्हातारी आई, आक्का. माझ्याजवळ बसून झाल्यावर आक्का मूर्तीकडे गेली. हात, हार, साडीच्या चुण्या तिने बोटांनी चाचपल्या आणि चेहऱ्यापाशी थांबली.

"हाई झोपेल शे का वं, पोरी?"

"झोपलेली नाही, आक्का. ध्यानात आहे."

"ध्यानमा बठाले तिले गड शे ना. आठे ती आमनासाठे ई ऱ्हायनी."

"आई, घडीभर गप बस," भिकनआप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, मनावर घेऊ नका. पण आमच्या बाया गडावर जातात त्या देवीची नजर पडावी म्हणून. मोठे, उघडे डोळे पाहिजेत. चांदीचे करून आणलेत. बायांनी पैंजण मोडून चांदी दिली."

"दगडात रेघेप्रमाणे करू द्या. चांदीचे वरून बसवू."

"चालेल की. शेंदूर चढल्यावर खाली काय आहे, ते कोण बघतंय?"

मला वाटलं, प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी हरजीभाईंनी चांदीचे डोळे उंचवट्यावर धरून पाहिले. चांदीचा डोळा म्हणजे सपाट पत्रा. त्याला दगडात उथळ, सपाट खाच लागते. खाचेत राळ आणि मेण भरून तो चिकटवतात. उंचवट्याच्या गोलाईवर तो हलत होता, आणि पापणी कोरली तरी गोलाई राहणारच होती.

"बेन, आ नहीं टके," हरजीभाई म्हणाले. "आरतीमां पडी जशे."

आरतीत देवीचा डोळा खाली पडला असता, तर कमिटीने काय केलं असतं ते सांगायला नको. पापण्या किंवा चांदी, दोन्हींतलं एकच शक्य होतं. मी तसा निरोप पाठवला. मायलेक पुन्हा आले.

"ताई, तुमचं दुःख मला समजतं," भिकनआप्पा म्हणाले. "पण अशा डोळ्यांपुढे आमच्या बाया हात जोडणार नाहीत. कमिटीतले म्हणतात, जयपूरहून तयार मार्बलची आणू. मग हिचं काय?"

"माझ्याकडे राहील."

"तुनाकडे राहीसन ती काय करी?" आक्काने विचारलं. "तो आते तुले देखस नही. हाई तरी कोनले देखू दे."

"आई!" भिकनआप्पा ओरडले. आक्का ओढणीच्या फडक्यात गुंडाळलेले चांदीचे डोळे घेऊन बसून राहिली. यशवंत आता मला बघत नाही, हे असं तोंडावर ऐकून मला तिचा राग आला होता. जाताना तिने डोळे तिथेच ठेवले, तेव्हाही तो राग होता.

रात्रभर तिचाच प्रश्न डोक्यात राहिला: माझ्याकडे राहून ही मूर्ती कुणाला बघणार? सकाळी हरजीभाईंनी विचारलं, "बेन, हुं करुं?"

"नको. मी करते."

उजव्या डोळ्यापासून सुरुवात केली. पेन्सिलची रेघ दगडात शिरत नाही. पहिल्याच थरात ती गेली. मग डावी. उंचवटे सपाट केले, खाचा काढल्या, राळ भरली, चांदी बसवली. डोळे हलले नाहीत.

प्रतिष्ठा झाली. तेलात कालवलेला शेंदूर देवीला लावला गेला. शेंदराचा थर वाळून घट्ट होतो, पुढच्या वेळी त्यावरच नवा चढतो. हारातल्या मण्यांमधल्या फटी पहिल्याच दिवशी भरल्या. गर्दी ओसरल्यावर आक्का देवीसमोर उभी राहिली आणि मुलाची रात्रपाळी, सुनेची कुरबूर, स्वतःचा गुडघा, सगळं मोठ्याने सांगत राहिली. मधूनमधून ती वर बघायची, देवीचं लक्ष आहे ना याची खात्री करायला.

यातून कामापुरतं एक शिकले. मूर्तीची ऑर्डर घेताना पहिला प्रश्न शेंदराचा विचारते. शेंदूर लागणार असेल तर दागिन्यांवर वेळ घालवत नाही, बांधा बरोबर ठेवते.

नवरात्रात मी गोडादऱ्याला जाते. हार, काकणं, चुण्या आता दिसत नाहीत. यशवंतच्या हातचा खांदा आणि मानेचा कल तेवढा ओळखता येतो.