वाटीकाकीची खांडवी

वाटीकाकीचा उजवा अंगठा पोलादपूरपासून महाडपर्यंत सगळ्या गावांत ओळखीचा होता. विळीने कधीतरी तो आडवा कापला गेला होता आणि जखम भरली तरी मधोमध खाच राहिली होती. तांदळाच्या रव्यात गूळ-आलं घालून केलेल्या खांडवीच्या वड्या कापल्या की प्रत्येक वडीवर ओलं खोबरं ठेवून काकी हा अंगठा दाबायची. मग ती वडी कुणाच्याही ताटात असो, खाचेवरून कळायचं की ही काकीच्या हातची. मी मुंबईला गिरणीत होतो तेव्हा खोलीतल्या एकाने माझी खांडवी चोरून खाल्ली, तर सकाळी त्याच्या पोटावर ती खाच उमटलेली सापडली. पटत नसेल तर सोडून द्या. पुढे याहून मोठं आहे.

काकी तोंडाने कधी माया करायची नाही. तोंडाने ती फक्त शिव्या द्यायची. पण वाडीतलं कुणी मुंबईला निघालं की ती एस्टीच्या थांब्यावर येऊन उभी राहायची, गरम वडी हातात ठेवायची, आपल्या हाताने मूठ मिटवायची आणि म्हणायची, "एस्टी हालेपातूर उघडू नको." माझ्यासारखा दांडगा गडीसुद्धा मूठ मिटून बसायचा. वड्या सगळ्यांना वाटून झाल्या की कढईची करपलेली खरवड घेऊन ती चुलीपाशी बसायची. तो तिचा वाटा.

तिच्याकडून पितळी वाटी आली की ती रिकामी परत करायची सोय नव्हती. चिमूटभर साखर घाला, चार दाणे तांदूळ घाला, पण घाला. तसं सगळीकडेच करतात, पण काकीचं कारण वेगळं होतं. "रिकामी वाटी कवा येते? घरात मानूस नसला की," असं ती म्हणायची.

हे तिने उगाच धरलं नव्हतं. एका श्रावणात तिचा नवरा होडीने सव गावी बहिणीकडे निघाला होता, गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकायला. काकीने नणंदेसाठी वाटी भरून खांडवी दिली होती. सावित्रीत होडी उलटली. बाकीचे पोहून निघाले, तो निघाला नाही, सापडलाही नाही. रडारड चालली असताना कुणीतरी ओरडलं, आणि आम्ही आमच्या वाडीखालच्या पायऱ्यांवर धावलो. ती वाटी खालच्या पायरीला लागली होती. पितळ तरंगत नाही, मलाही ठाऊक आहे. होडी उलटली महाडच्या खाली आणि आमची वाडी महाडच्या वर, हेही ठाऊक आहे. वाटीत खांडवी नव्हती. ओली वाळू होती, हाताने थापून सपाट केलेली.

काकीने वाटी पदराखाली घेतली. "पोचले गो ते," ती माझ्या आईला म्हणाली. "वाटी रिकामी नाय धाडली."

तेव्हापासून दर सोमवारी दिवेलागणीला ती खांडवीची वाटी त्या पायरीवर ठेवू लागली. सकाळी वाटीत काहीतरी असायचंच. कधी वाळू, कधी शिंपल्या, एकदा चिमुकला जिवंत मासा. आणि एकदा भर भाद्रपदात पिकलेली करवंदं, जेव्हा कुडपणच्या उंच, गार पठारावरसुद्धा जाळीला काट्यांशिवाय काही नसतं. त्यातलं एक मी खाल्लं. गोड होतं, आणि इतकं गार की आठवडाभर माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

काकीने कपाळाचं कुंकू पुसलं नाही. यावरून तिचा दीर केरू तिच्याशी भांडायचा. तो वाईट नव्हता, भावाच्या काळजीने पोखरला होता. एकदा तो आमच्या ओटीवर काकीसमोर उभा राहिला. "वयनी, दादाला मोकळा कर. तुझ्या खांडवीपायी तो वर जात नाय."

"जाऊ दे की उशिरा," काकी म्हणाली. "वर कोन खांडवी करनार हाय?" मग तिनेच बोली केली. "वाटी रिकामी आली, त्या दिवशी कुंकू पुसंन."

पुढच्या मंगळवारी केरू काकीच्या आधी पायऱ्यांवर गेला. वाटीतली वाळू त्याने नदीत उलटी केली, वाटी धुतली आणि आम्हा चारचौघांसमोर काकीच्या हातात दिली. "घे. रिकामी." काकीचा चेहरा रिकाम्या मडक्यासारखा झाला. तिने वाटीत पाहिलं, मग आम्हाला दाखवली. वाटी पाण्याने काठोकाठ भरली होती. पाणी ऊन होतं आणि त्याला सवच्या कुंडाचा वास होता. केरूच्या हातून वाटेत एक थेंब सांडला नव्हता.

त्या दिवसापासून केरूचा उजवा पंजा सुकेना. पंचाने पुसा, चुलीवर धरा, ओला तो ओलाच. तंबाखू मळायला घेतली की चिखल व्हायचा. त्याने हात हातात घेऊन राम राम केला की माणसं धोतराला हात पुसायची. आम्ही हसायचो, पण त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार नसे. कुंकवाचा विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही.

काकी गेली तेव्हा मी गौरींच्या रजेवर गावी आलो होतो. चुलीपाशी बसल्या बसल्या गेली, हातात खरवड तशीच. तिला कशी न्यायची, यावर बायका कुजबुजायला लागल्या. केरू उठला आणि महाडहून हिरवं लुगडं घेऊन आला. आपल्या ओल्या बोटाने तिच्या कपाळावर कुंकू लावलं. ते ओघळलं, तसंच राहू दिलं.

सोमवारी त्याने स्वतः खांडवी केली. कढईला लागली, आलं जास्त झालं, वड्या नांगरटीसारख्या वाकड्या आल्या. खोबऱ्यावर अंगठा दाबायचं धाडस त्याला झालं नाही. दिवेलागणीला त्याने वाटी पायरीवर ठेवली आणि मागे न बघता वर आला.

सकाळी मी मुंबईला निघालो होतो, तरी त्याच्याबरोबर खाली उतरलो. वाटीत वाळू होती. या खेपेला नुसती थापलेली नव्हती. सरळ, सारख्या वड्या कापल्या होत्या, आणि प्रत्येक वडीवर अंगठा दाबला होता. ठशाच्या मधोमध आडवी खाच होती. मी वाटीला हात लावला. ती चुलीवरून आत्ता उतरवल्यासारखी गरम होती.

केरूने कमरेची चंची काढली, तंबाखू मळली. कोरडी, भुरभुरीत झाली. त्याने पंजा उलटासुलटा करून पाहिला.

"पोचली वयनी," तो म्हणाला.

एस्टी आली तसा तो माझ्याजवळ आला. वाळूची एक वडी त्याने माझ्या हातात ठेवली, मूठ मिटवली आणि काकीचंच वाक्य म्हणाला. एस्टी वळणाला लागेपर्यंत मी थांबलो. मूठ उघडली तेव्हा वाळू वाळूच होती, बोटांतून गळून गेली. हाताला मात्र गुळाचा आणि आल्याचा वास येत होता.