केळीच्या बुंध्यातली तार

दौंडला नदीकाठी हौशीराम मिस्त्रींचा दहावा होता. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे एकेक जण उठून मयताबद्दल दोन शब्द बोलत होता. माइक फिरत फिरत सोपानरावांच्या हातात आला. सोपानराव कवठे येमाईचे, कांदा पिकवणारे. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. ते उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, की या माणसाबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नाही. मुलं किती, सोयरे कुठले, रेडिओ दुरुस्तीचा नाद कधी लागला, काही काही नाही. माहीत होतं ते एवढंच, की मिस्त्री चहा बशीत ओतून प्यायचे, रेडिओला हात लावण्याआधी तो हुंगायचे आणि काम करताना डावा हात पँटच्या खिशात ठेवायचे. हे काही दहाव्याला सांगण्यासारखं नव्हतं. "माणूस चांगला होता," एवढं म्हणून त्यांनी माइक पुढे दिला. पुढचे गृहस्थ पंचायत समितीत असल्यामुळे बराच वेळ बोलले. त्यात मिस्त्रींचं नाव अधूनमधून आलं.

घरी परतताना एसटीत मात्र सोपानरावांना सगळं सुचत गेलं.

रेडिओ खरं तर त्यांच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा. वच्छलाबाई दौंडच्या. त्यांचे वडील रेल्वेत होते आणि त्यांनी लेकीच्या लग्नात हा रेडिओ दिला होता. लाकडाची पेटी, पुढे कापडाची जाळी आणि पोटात बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह. बटण फिरवलं की ते आधी तापणार, लाल होणार आणि मग सावकाश आवाज येणार. नवरा-बायको रोज सकाळी त्याच्यासमोर बसत. सोपानरावांच्या हातात चहा, वच्छलाबाईंच्या पुढ्यात निवडायची भाजी. एकमेकांशी ते फारसं बोलत नसत. वच्छलाबाई बोलायच्या त्या रेडिओशी. कांद्याचा भाव सांगणाऱ्याला तर त्या रोज चार गोष्टी सुनवायच्या आणि सोपानराव मान हलवायचे. संसारातलं त्यांचं सगळ्यात जास्त बोलणं असं रेडिओमार्फत झालेलं होतं.

गेल्या वर्षी रेडिओ आधी खरखरायला लागला, मग मुका झाला. सकाळी समोरासमोर बसायला कारण उरलं नाही. सोपानराव चहा ओट्यावर उभ्यानं प्यायला लागले.

त्यांचा मुलगा सत्यजीत. त्याच्या विक्रम नावाच्या मित्राचं कोरेगाव भीमाला हायवेवर हॉटेल होतं. गल्ल्याजवळ ठेवायला त्याला जुना रेडिओ हवा होता. आतलं सगळं काढून तो मोबाईलवर चालणारा स्पीकर बसवणार होता. रविवारी टेंपो पाठवतो म्हणाला. सत्यजीतनं आईला विचारलं, तर वच्छलाबाईंनी लसूण सोलता सोलता निकाल दिला.

"वाजत असंल तर कुणाच्या बापाला द्यायची न्हाई. वाजत नसंल तर न्या. मुकी पेटी पुसत बसायला मला टाईम न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कुणाला न सांगता सोपानरावांनी रेडिओ गोधडीत गुंडाळला आणि दौंडला निघाले. गाडीत शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, आत देव आहे का. सोपानराव व्हय म्हणाले, कारण नाही म्हटलं असतं तर समजावून सांगावं लागलं असतं. बाईनं गोधडीला हात लावून नमस्कार केला. सोपानराव उतरायला लागले तेव्हा तिनं लोकांना बाजूला व्हायलाही सांगितलं.

मिस्त्रींचं दुकान रेल्वे स्टेशनच्या मागच्या बोळात. त्यांनी रेडिओचं मागचं झाकण काढलं, नाक आत घातलं आणि डोळे मिटले.

"उंदीर राहून गेलाय," मिस्त्री म्हणाले. "जळालं मात्र काय न्हाई."

मग डावा हात खिशात घालून उजव्या हातानंच त्यांनी काम सुरू केलं. रेडिओ लावून एकेक व्हॉल्व्ह बघितला. एक तापतच नव्हता. रेडिओ बंद करून त्यांनी तो उपटला, त्याच्या पायांवरचा गंज खरवडला, पुन्हा बसवला. डावा हात खिशातच. सोपानरावांना आधी तो ताठा वाटला. मग वाटलं, बिचाऱ्याचा हात अधू असावा. त्यांनी स्वतःची लाज वाटून नजर दुसरीकडे वळवली.

थोड्या वेळानं रेडिओ खणखणीत बोलायला लागला. तो इथल्याच रेल्वेवाल्याच्या लेकीचा आहे हे कळल्यावर मिस्त्रींनी सोपानरावांना नव्यानं न्याहाळलं.

"म्हंजी तुम्ही आमच्या गावचे जावई. मंग बसा की दाजी, चहा घ्या."

दाजी म्हटल्यावर थट्टा सोसणं आलंच. तुमच्यापेक्षा रेडिओच जास्त टिकला, असं मिस्त्री म्हणाले. सोपानरावांना ते पटलं.

घरी आणून मोठ्या थाटात त्यांनी रेडिओ लावला. तो तापला, लाल झाला आणि खरखरायला लागला. त्या खरखरीच्या तळाशी, विहिरीतून आल्यासारखं, कुणीतरी काहीतरी सांगत होतं.

"माहेरी बोलतो आन् सासरी गप," वच्छलाबाई म्हणाल्या. "शहाणा हाय."

त्या हसल्या, पण जाताना त्यांनी पेटीवरचं विणलेलं कापड काढून घडी करून ठेवलं. हॉटेलात ते द्यायचं नव्हतं. ती घडी बघून सोपानरावांनी मिस्त्रींना फोन लावला.

शनिवारी मिस्त्री पिशवी घेऊन हजर. त्यांच्या मते रेडिओत दोष उरलेला नव्हता, दोष घरात होता. ऐकून सून अपेक्षानं भुवया उंचावल्या. मिस्त्रींनी घरातली एकेक वस्तू बंद करायला लावली. इन्व्हर्टर, फ्रीज, मोबाईलचे चार्जर, दाराबाहेरचा दिवा. अपेक्षाचं वाटण मिक्सरमध्ये अर्ध्यावर राहिलं. खरखर बरीच कमी झाली, पण आवाज काही वर येईना.

मग मिस्त्री गुडघ्यांवर बसले. रेडिओतून दोन तारा निघत होत्या. एक छपरावर गेली होती, ती ठीक होती. दुसरी जमिनीसाठी. जमीन ओली असली की रेडिओ स्वच्छ बोलतो, असं त्यांनी सांगितलं. ती तार खिडकीतून बाहेर पडली होती. तिचा माग काढत ते डावा हात खिशात ठेवूनच वाकत वाकत अंगणात गेले आणि त्यांच्या मागे सगळं घर. तार पेव्हिंग ब्लॉकच्या कडेला येऊन संपली होती. टोक तुटलेलं.

"हितं काय होतं?" मिस्त्रींनी विचारलं.

गेल्या वर्षी सत्यजीतच्या लग्नात अंगणाला ब्लॉक बसवले होते, त्या वेळी जुनं मातीचं वृंदावन काढून दारात संगमरवरी आणलं होतं.

"तुळस होती," वच्छलाबाई म्हणाल्या. "माझ्या वडलांनीच तार पुरली तिच्यात. मला वाटलं, देवाधर्माचं कायतरी असंल."

"देवाधर्माचं न्हाई, ताई. लेक रोज सकाळी तुळशीला पाणी घालणार, तवा तार कायम वली. रेल्वेतला माणूस, पुढचं बघून लावलीय."

वच्छलाबाईंनी वाकून ते तुटकं टोक हातात घेतलं. मग त्यांनी ब्लॉक बसवायची घाई कुणाला झाली होती ते विचारलं. सत्यजीतला तेवढ्यात मोबाईलमध्ये महत्त्वाचं काम निघालं. सोपानराव ढग बघायला लागले. ढग नव्हते.

संगमरवरी वृंदावन ब्लॉकवर ठेवलेलं, त्यातली माती जमिनीला लागलेली नाही, म्हणून ते उपयोगाचं नव्हतं. घरात रोज न चुकता पाणी कुठं पडतं, असं मिस्त्रींनी विचारलं. सोपानरावांनी विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी उत्तर दिलं.

"केळीत. न्हाणीचं सगळं पाणी तिकडंच जातंय."

परसात केळीच्या बुंध्याशी गुडघाभर पहार ठोकायची होती. मिस्त्रींनी पहार धरली आणि डावा हात खिशातून बाहेर आला. चांगला धडधाकट होता. सोपानराव बघतच राहिले. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं.

"चालू रेडिओत दोन्ही हात घातले तर करंट छातीतनं जायचा," मिस्त्री म्हणाले. "म्हणून एक खिशात. त्याची सवय लागली. लोकांना वाटतं गडी लई ऐटीत हाय. वाटू द्यावं."

मिस्त्रींनी पिशवीतली नवी तार जोडून ती परसापर्यंत आणली आणि पहारीला बांधली. सोपानरावांनी रेडिओ लावला. तो तापला, लाल झाला आणि बोलला. खोलीत माणूस बसून बोलावा तसा. भावच सांगत होता. वच्छलाबाईंनी भाजीची पाटी पुढे ओढली.

"ह्याला म्हणावं, खुरपायला ये एकदा, मंग सांग भाव."

सोपानरावांनी मान हलवली. पेटीवर कापड पुन्हा कधी आलं ते त्यांना दिसलंच नाही. रविवारी टेंपो आला, विक्रम चहा प्याला, बातम्या ऐकल्या आणि कांद्याची पिशवी घेऊन गेला.

त्यानंतर मिस्त्रींचा अधूनमधून फोन यायचा. दोघेही बोलण्यात कच्चे. इकडची तिकडची चौकशी दोघांनाही जमत नसे, त्यामुळे बोलणं एकाच विषयावर व्हायचं आणि लगेच संपायचं. शेवटचा फोन उन्हाळ्यात आला. सोपानराव न्हाणीतून नुकतेच बाहेर पडले होते, टॉवेल खांद्यावर, आतल्या खोलीत रेडिओ चालू.

"दाजी, केळीला पाणी जातंय ना?"

"जातंय की. आत्ताच आंघोळ केली."

"मंग बरं," मिस्त्री म्हणाले.