रूपरावजींचे चार बाक

तुरीची डाळ अर्धी निवडून झाली होती. तेवढ्यात कुंपणापलीकडून रूपरावजींनी हाक मारली. "वहिनी, अर्धा तास बसाले या. सूप तिकडंच ठेवजा."

रूपरावजी आमचे शेजारी. हिंगणघाटात त्यांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं. नागपूरकडे चित्रांचं नवं म्युझियम होत आहे, तिथल्या अंकिताताईंनी त्यांना चार बाक सांगितले आहेत, हातानं घडवलेले, पाठ नसलेले. अट एकच. म्हाताऱ्या माणसाला हात न टेकता उठता आलं पाहिजे. रविवारी त्या बघायला येणार, नाही पटलं तर नेणार नाहीत.

मी म्हटलं, "डाळ निवडत बसते ना, भाऊजी."

"तिथं लोकं चित्र पाह्यत बसते, डाळ निवडत नाई."

"मग मी काय पाहू?"

"माह्या घरी कोठचं चित्र? क्यालेंडर पाहा."

मनात नामस्मरण करत एकादशीच्या तारखेकडे पाहत बाकावर बसले. लाकूड इतकं गुळगुळीत की पदर सरकत होता. घरात आवाज नाही. त्यांची बायको भागीरथा होती तेव्हा नव्या वस्तूवर असं बसून बघणं तिचं काम होतं. चहा पीत बसायची आणि नावं ठेवायची. पौषात ती गेली. रूपरावजी बसायच्या वस्तूला टेप लावत नाहीत. भागीरथेच्या गुडघ्याइतक्या उंचीची एक काडी आहे, तेच माप.

अर्धा तास झाला. उठताना माझा हात बाकावर गेला.

"टेकला ना हात?"

आता सांभाळून घ्यावं, असं फार वाटलं. पण देवाचं नाव घेऊन उठलेली मी, खोटं कसं बोलू? "टेकला. बाक बुटका आहे, भाऊजी."

"तिले नसता टेका लागला."

"ती माझ्यापेक्षा वीतभर ठेंगणी होती."

ते पुष्कळ वेळ रंध्याचं पातं पुसत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत कोणी बुटकं म्हटलं नाई."

"आपल्याकडे माणसं जमिनीवरून उठतात. बाकाचं काय सांगणार?"

त्यावर ते हसल्यासारखे झाले. लाकडाची एक कोरी पट्टी आणि पेन्सिल माझ्या हातात दिली आणि तोंड दाराकडे करून उभे राहिले. "खूण तुम्हीच करा."

गुडघ्यापाशी मी रेघ ओढली. काडी शेजारी धरून पाहिली, दोन इंच कमी भरली. पट्टीवर त्यांनी 'म्युझियम' लिहिलं. काडीवर कधी काही लिहिलेलं नाही.

मी विचारलं, "खाली तुकडे जोडता येतील का?"

"जोडलेला पाय हालते. सोळाही पाय नवे लागन."

काडी त्यांनी नेहमीच्या खिळ्याला अडकवली नाही, हातातच होती. मी निघाले तरी ते बाकावर बसूनच होते.

उद्या सकाळच्या एसटीनं ते वर्ध्याला आरा मशीनवर सागाचे पाय चिरून आणायला जाणार आहेत.