डावीकडचा आवाज

खडेबाजारातल्या एका बोळात सोनल मगदूमचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि त्याला लागूनच माझं मॅचिंग सेंटर. अस्तर माझ्याकडून घ्यायचं आणि शिवायला तिच्याकडे टाकायचं, असा इथल्या बायकांचा शिरस्ता. सोनलचा राग कायम नाकावर. ब्लाऊज कधी मिळणार, असं कुणी दोनदा विचारलं तर ती कापड परत करते. पण शिवताशिवता इअरफोनमध्ये एखादं नवं गाणं सापडलं, की हीच बाई मधल्या भिंतीवर थाप मारते आणि हाक देते, "मंगल, ये गं लौकर. गिऱ्हाईक पळून जात न्हाय."

तिची गाणी रेडिओवर लागणारी नव्हेत. कुठल्यातरी डोंगरातल्या गावात चार पोरांनी घरात बसून केलेलं पॉप, कुणी एकटीनं गिटारवर रचलेलं, फारसं कुणी न ऐकलेलं, असलं काहीतरी ती हुडकून काढते. रविवारी दुपारी तिच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही चौघं बसतो. सोनल, मी, सांबऱ्याच्या विमानतळावर सामान चढवणारा महादेव आणि निपाणीहून बसनं येणारे वृषभ चौगुले. त्यांचं खतांचं दुकान आहे. प्रत्येकानं एक नवं गाणं आणायचं. ते कुणाचं, कुठल्या भाषेतलं, हे आधी सांगायचं नाही आणि गाणं मध्ये थांबवायचं नाही. बाहेर आमच्या सीमाभागात भाषेवरून पाट्यांना काळं फासतात. शटरच्या आत कुणी भाषा विचारली तर सोनल त्याला चहा देत नाही.

आणखी एक गोष्ट तिला खपत नाही. दुसऱ्याच्या यादीतून गाणं उचलायचं आणि मीच शोधलं म्हणून मिरवायचं. असं करणाऱ्या एकाला तिनं पहिल्याच वर्षी बाहेर काढलं होतं. पुन्हा त्याचं नावही घेतलं नाही.

गेल्या गणपतीच्या गडबडीत एका सकाळी तिच्या डाव्या कानात दडे बसले. सर्दी असेल म्हणून तिनं कोमट तेल घातलं आणि मशीनवर बसली. सणाचं काम उरकल्यावर मी तिला ओढतच कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तपासून ते म्हणाले, पहिल्या आठवड्यात आला असतात तर काही करता आलं असतं. उजवा कान ठणठणीत होता. डाव्यात मात्र काही उरलं नव्हतं. मला तिची दया आली आणि रागही आला, कारण मी तिला रोज सांगत होते.

बाहेर आल्यावर तिनं माझा दंड धरला. "कुणाला बोलायचं न्हाय. अर्ध्या कानाची बाई गाण्यातलं काय सांगणार, असं म्हणतील."

"आपले लोक तसं म्हणतील व्हय?"

"म्हणणार न्हाईत. पण मनात येईल. सांगितलंस तर तुझं तोंड बघणार न्हाय मी."

तेव्हापासून रविवारी मी तिच्या डाव्या अंगाला बसू लागले. त्या बाजूनं कुणी काही विचारलं की कोपरानं ढोसायचं, एवढं माझं काम. बहुतेक गाण्यांत इअरफोनच्या दोन्ही टोकांतून जवळजवळ सारखंच ऐकू येतं. त्यामुळे थंडीपर्यंत सगळं निभावलं.

मग एका रविवारी महादेव हौसेनं स्पीकरचे दोन नवे बॉक्स घेऊन आला. कापड बेतायच्या टेबलाच्या दोन टोकांना त्यानं ते ठेवले. सोनल आठवडाभर एकाच गाण्यानं वेडी झाली होती. वृषभअण्णा कांदा खात नाहीत म्हणून बिनकांद्याचे पोहे झाले, चहा झाला आणि तिनं ते लावलं. एका मुलीचा बारीक, कोवळा आवाज होता आणि मागं नुसती गिटार. वृषभअण्णांनीसुद्धा मान डोलावली.

दुसऱ्या कडव्याला डावीकडच्या बॉक्समधून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. थकलेला, गाण्यापेक्षा बोलल्यासारखा. सोनल दचकून उठली आणि तिनं गाणं थांबवलं. तिच्या हातून असं कधीच झालं नव्हतं.

"कुणाचा मोबाइल वाजालाय? अण्णा, तुमचा हाय काय? नियम म्हाईत न्हाय व्हय?"

"माझा बंद हाय, आक्का," वृषभअण्णा म्हणाले. "तो आवाज गाण्यातलाच हाय की."

"ह्या गाण्यात दुसरा आवाज न्हाय. शंभरदा ऐकलंय मी."

महादेवनं बिचाऱ्यानं आपला इअरफोन लावून तो तुकडा पुन्हा ऐकला आणि हळूच म्हणाला, "हाय, सोनलक्का. म्हातारा गातोय." बॉक्स नवे आहेत, असं काहीतरी मी बडबडायला लागले, पण वृषभअण्णांचा चेहरा बदलला होता.

"शंभरदा ऐकलं आणि गाणारा अख्खा माणूस सुटला? आक्का, खरं सांगा. हे कुणाच्या यादीतनं उचललंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच टेबलाखाली सोनलनं माझ्या पायावर पाय दाबला. आता तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. चोर म्हणवून घ्यायचं, नाहीतर कान सांगायचा. ती कुठली वाट धरेल, हे मला खरंच कळत नव्हतं. महादेव बॉक्सच्या वायरीशी उगाच चाळा करत होता.

सोनलनं त्याच्यापुढे हात केला. त्याचा इअरफोन घेतला, त्यातलं डाव्या कानाचं टोक उजव्या कानात घातलं आणि गाणं पहिल्यापासून लावलं. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. नुसता तिचा चेहरा दिसत होता. बोळातून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. तिचे डोळे भरून आले, तरी तिनं गाणं संपेपर्यंत टोक काढलं नाही.

"चोरलं न्हाय मी," ती म्हणाली. "डावा कान गेलाय माझा. गणपतीपासनं. उजव्यात तो म्हातारा येतच न्हाय." मग नाक पुसून म्हणाली, "गाणं इतकं चांगलं हाय, हे मलाच म्हाईत नव्हतं."

वृषभअण्णा जमिनीकडे बघत होते. थोड्या वेळानं बस चुकेल असं पुटपुटत ते उठून गेले. मला बरं वाटलं. त्यांनी माफी मागितली असती तरी मी त्यांना दोन शब्द सुनावलेच असते.

तो आठवडा वाईट गेला. भिंतीपलीकडे नुसतं मशीन चालायचं. सोनलनं इअरफोन ड्रॉवरमध्ये टाकला होता. सोमवारी मी विषय काढला तर म्हणाली, "काम हाय मला." गुरुवारी एका बाईनं ब्लाऊज कधी मिळेल म्हणून तीनदा विचारलं आणि सोनल मुकाट्यानं "उद्या" म्हणाली. तेव्हा मला खरी भीती वाटली. ही आता पुन्हा गाणी ऐकणार नाही, असंच वाटलं. भांडणारी सोनल मला सोसवते. ही सोसवत नव्हती.

शनिवारी दुपारी आमच्या चौघांच्या ग्रुपवर वृषभअण्णांचं गाणं आलं. नेहमीसारखंच, नाव न सांगता. खाली एकच ओळ होती.

"आक्का, आधी डावं ऐका."

भिंतीपलीकडचं मशीन थांबलं. ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. मी अस्तर फाडता फाडता तशीच उभी राहिले. समोरची बाई रंग बरोबर आहे का म्हणून विचारत होती आणि मी नुसती मान हलवत होते. बराच वेळ काही झालं नाही. एक गाणं दोनदा ऐकायला लागतो, तेवढा वेळ गेला असेल.

मग भिंतीवर थाप पडली.

"मंगल, ये गं लौकर."

बाईला तसंच उभं ठेवून मी गेले.