डिग्रीबाईंचा रेक्झिनचा कोट

"तेल लावायचं ना, नेहमीसारखं?" पुलाखालच्या दुरुस्तीवाल्या काकांनी कोट हातात घेता घेता विचारलं.

"तेल कशाला? चेन अडकलीय, तेवढी बघा," बाई म्हणाल्या.

"चेन बघतोच. पण तेल चुकवू नका. साहेब दरवर्षी न चुकता आणतात. चांगलं वासराचं आहे हे. तेल मिळालं नाही तर तडे जातील."

बाईंनी आधी मागे वळून पाहिलं. काका दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असावेत, अशी एक शेवटची आशा होती. मागे कुणी नव्हतं.

"काका, हे रेक्झिन आहे."

काका हसले. आयुष्यभर जोडे आणि बॅगा शिवलेला माणूस अशा वेळी हसतो तसं, आवाज न करता. त्यांनी खिशाजवळची उसवलेली शिवण बोटानं उघडून दाखवली. "रेक्झिनच्या पाठीला कापड असतं, बाई. ह्याच्या पाठीला लव आहे. लावा हात."

बाईंनी हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

आता या बाई कोण, ते सांगायला हवं. नाहीतर एका कोटापायी चांगली धडधाकट बाई पांढरीफटक का पडली, ते कळायचं नाही.

बाई फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तपासनीस. चार चेंबर, प्रत्येकात छतापर्यंत सफरचंदाचे क्रेट, आणि थंडी अशी की आत गेलेलं वाक्य बाहेर येईपर्यंत अर्धं होतं. दर दोन तासांनी बाई आत जायच्या, एखाद्या सफरचंदाच्या पोटात थर्मामीटरची सुई खुपसायच्या आणि आकडा तक्त्यावर लिहायच्या. शिक्षण बारावी नापास, पण सगळे म्हणायचे डिग्रीबाई. पारा अर्ध्या डिग्रीनं वर गेला, तर मालकालासुद्धा घरून उठवून आणायची त्यांची तयारी असे.

एकोणिसाव्या वर्षी त्यांना पहिली नोकरी लागली ती मांसाच्या गोदामात. तिथं त्या दहा दिवस टिकल्या. अकराव्या दिवशी हजेरी लावून, आत न जाता, तशाच घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, "आजपासून माझ्या ताटात ते नको." त्या दहा दिवसांत काय पाहिलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, तसं विचारायची कुणाची छातीही झाली नाही. पुढे ताटावरून गाडी पायावर आली, पायावरून कमरेवर. कापडी बूट, कापडी पट्टा. घड्याळाचा पट्टासुद्धा नायलॉनचा, आणि त्यानं मनगटाला खाज सुटली तरी नायलॉनचाच.

अंगावर कोट मात्र हवाच. बहुतेकांकडे रेक्झिनचे होते. पण रेक्झिन आणि थंडी यांचं कधी पटलं नाही. एका मोसमात ते कडक होतं, दुसऱ्यात कोपरावर तडकतं आणि तिसऱ्यात त्याचे टवके तक्त्यावर पडतात. फक्त बाईंच्या बावीस वर्षांच्या कोटाला, सुरुवातीला एकदा दुरुस्त होऊन आल्यानंतर, एक चीर पडली नव्हती.

"वस्तू वापरायला अक्कल लागते," बाई सगळ्यांना ऐकवायच्या. "तुम्ही कोट काढता की सोलता?"

आणि तिथला प्रत्येक जण, ज्याला रेक्झिन म्हणजे काय हे अंगच्या अनुभवानं ठाऊक होतं, तो मान डोलवायचा. बाईंचा कोट आहे, तडकायची हिंमत कशी होईल त्याची! थंडीत नाक बधिर होतं, त्यामुळे वासाचा प्रश्नच नव्हता. कोट कायम गोदामातल्या खुंटीवर असायचा. वर्षातून एकदाच बाईंचे यजमान तो न्यायचे, "चेन बघून आणतो" म्हणून. यजमान पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून. घरातला दिवा बदलायचा तरी तीन दिवस विचार करणारा माणूस. तो दरवर्षी चेनची एवढी काळजी का करतो, हे बाईंच्या कधी मनातही आलं नाही. यंदा त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. "राहू दे गं, मी बरा झालो की नेईन," असं ते तीनदा म्हणाले. बाईंनी तो आळस समजला आणि कोट स्वतःच उचलून आणला.

इथपर्यंत एका घरातली गोष्ट होती. पण काकांच्या टपरीत, बाईंच्या डोक्यावरच, खिळ्याला आणखी एक कोट टांगलेला होता. काळा, खांद्यावर पांढुरका पडलेला, बाह्या नेहमीच्यापेक्षा वीतभर लांब. तो कुणाचा, हे बाईंनी बाह्यांवरूनच ओळखलं.

तो खांबाचा होता. खांब म्हणजे गोदामातला फोर्कलिफ्टवाला, उंचीमुळे पडलेलं नाव. चार महिन्यांपूर्वी त्यानं मांस सोडलं होतं, आणि तेही बाईंचं बघून. मग एके दिवशी चहाच्या सुट्टीत तो बिचकत बिचकत बाईंपाशी आला.

"बाई, एक विचारू? हा कोट चामड्याचा आहे. बापाचा. मी काही विकत घेतलेला नाही. घालू की नको?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, जनावर तर कधीच गेलं. मी कोट टाकला तर ते उठून बसणार आहे का?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"उठून नाही बसणार. पण रोज सकाळी तू बाहीत हात घालशील ना, तेव्हा रोज त्या सुरीला होय म्हणशील. आधीच घरात आहे म्हणून चालतं, असं म्हटलं तर मग सगळंच चालतं." आणि स्वतःच्या कोटाची कॉलर चिमटीत धरून त्या पुढे म्हणाल्या, "हा बघ. बावीस वर्षं. काही अडलं माझं?"

दुसऱ्या दिवसापासून खांब रेक्झिन घालून आला. तीन आठवडे फोर्कलिफ्टवर दात वाजवत बसत होता, पण बाईंसमोर एक शब्द काढला नाही.

"हा विकायला दिलाय का?" बाईंनी खिळ्याकडे बोट दाखवलं. आवाज आपलाच आहे ना, अशी त्यांना शंका आली.

"दिलाय म्हणे," काका म्हणाले. "पण दर दोन दिवसांनी येतो, बघून जातो, वर मलाच सांगतो की एवढ्यात देऊ नका कुणाला. मी म्हटलं, बाबा रे, हे दुकान आहे, पाळणाघर नाही."

बाईंनी चेनचं काम तसंच टाकलं आणि कोट उचलून घर गाठलं.

घरी यजमान खुर्चीवर पाय ठेवून पेपर वाचत होते. बाईंनी कोट समोर टाकला. यजमानांनी कोटाकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि पेपरची घडी घातली. इतकी नीट घडी त्यांनी जन्मात घातली नव्हती.

"काका बोलले वाटतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"अगं, आधी बस तरी."

"कधीपासून, अहो?"

"दुसऱ्या हिवाळ्यापासून. तुझा पहिला खरंच रेक्झिनचा होता. दुसऱ्याच मोसमात तडकला, आठवतंय? तू तसाच घालायचीस. घरी यायचीस तेव्हा ओठ निळे. बटाटा सोलताना हातातून सुरी पडायची तुझ्या, एवढी बोटं बधिर. तुला म्हटलं असतं चामड्याचा घे, तर ऐकलं असतंस?"

"नाही."

"म्हणूनच नाही सांगितलं. तसल्याच रंगाचा शोधला. वापरलेलाच होता, नवा नव्हे. एका रविवारी बदलून टाकला, आणि तुला सांगितलं, काकांनी तडे बुजवून दिले म्हणून."

"पण आतलं लेबल..." बाईंनी कोट उलटा केला. कॉलरखाली छोटी पांढरी पट्टी होती. 'कृत्रिम चामडे' असं तिच्यावर छापलेलं होतं. बावीस वर्षं तीच पट्टी त्यांच्या मानेला टोचत होती. आता त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे जवळून पाहिलं. टाके निळ्या दोऱ्याचे होते, वेडेवाकडे, कोपऱ्यात मोठी गाठ. शर्टाचं बटण लावायचं तर अख्खी दुपार घेणाऱ्या माणसाचे टाके.

"जुन्याचं काढून ह्याला लावलं," यजमान खाली मान घालून म्हणाले. "दोनदा सुई टोचली."

बाईंना धक्का बसला तो या टाक्यांचा. माणूस एकदा खोटं बोलतो, ते समजू शकतं. पण सुईत दोरा ओवून, चष्मा लावून, गाठ मारून खोटं शिवायचं, आणि मग दरवर्षी त्याला तेल पाजायचं!

"मी माणसांना शिकवत होते हो," त्या म्हणाल्या. "हा घालून. त्या खांबाला मी त्याच्या बापाचा कोट काढायला लावला, हा घालून."

यजमानांना खांबाची गोष्ट माहीत नव्हती. ऐकली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला. "हे मात्र वाईट झालं," एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी घरात दोघंच होती तरी जेवण दोन पंक्तींत झालं.

सकाळी बाई कामाला निघाल्या त्या वाकडी वाट करून पुलाखालून. चहाच्या सुट्टीत त्यांनी दोन्ही कोट टेबलावर ठेवले. कपडे बदलायच्या त्या खोलीत सात-आठ जण होते.

"खांबा, हा तुझा," त्या म्हणाल्या. "आणि हा माझा. हाही चामड्याचाच आहे. मला काल कळलं."

मग एका हमालानं पुढे येऊन कोटाला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. बाईंनी काल केलं तसंच.

"म्हणूनच तडकला नाही!" कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं. "आणि आम्ही आमच्या अकलेला दोष देत बसलो."

खांब मात्र हसला नाही. त्याची मान तशीही सगळ्यांच्या वर असायची. आता ती आणखी ताठ झाली.

"म्हणजे चामडं अंगावर घालून तुम्ही मला चामडं सोडायला लावलंत."

"हो."

"तीन आठवडे मी काकडतोय. आई रोज विचारते, बापाचा कोट कुठाय. मी सांगतो, दुरुस्तीला दिलाय."

"हो रे."

"मग आता सांगा. घालू की नको?"

बाईंनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे उत्तर नाही, असं या गोदामात आजवर झालं नव्हतं. कुठल्या क्रेटमधलं कुठलं फळ कधी सडणार, हेही त्या आधी सांगायच्या.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

चामड्याचं ऐकून जेवढे दचकले नव्हते, तेवढे सगळे आता दचकले. खांबानं कोट बगलेत मारला आणि निघून गेला.

अकराच्या नोंदीची वेळ झाली. बाईंनी दोन स्वेटर एकावर एक चढवले, वर शाल गुंडाळली आणि कोट टेबलावरच सोडून तीन नंबरच्या चेंबरमध्ये शिरल्या. पहिली रांग झाली. दुसऱ्या रांगेत सुई सफरचंदात जाईना. तिसऱ्या रांगेत आकडा दिसत होता, पण पेन्सिल बोटांत आहे की नाही तेच कळेना. 'एक' काढायला गेल्या आणि कागदावर नुसती रेघोटी पळाली. बावीस वर्षं आपण थंडीला पुरून उरलो, असं त्या समजत होत्या. थंडीची आणि त्यांची खरी ओळख आत्ता होत होती. तो पराक्रम अकलेचा नव्हता, काटकपणाचा नव्हता. तो एका वासराचा होता, ज्याच्याबद्दल त्यांनी एकदाही विचार केला नव्हता, आणि त्या वासरासाठीच तर त्यांनी आयुष्यभर ताट बदललं होतं.

मागून फोर्कलिफ्टचा भोंगा वाजला. खांब होता. अंगात बापाचा काळा कोट, आणि पुढच्या दोन लोखंडी पट्ट्यांवर, क्रेटच्या जागी, बाईंचा कोट.

"बाई, ओठ बघा तुमचे."

"जा तू. माझं माझं मी बघते."

"तुम्ही आत पडलात तर तुम्हालाही ह्याच्यावरूनच न्यावं लागेल, आणि क्रेटवाले चिडतील." तो खाली उतरला. राग गेलेला नव्हता. आवाजात स्पष्ट ऐकू येत होता. "मी घातलाय. आत्ता बाहीत हात घातला तेव्हा तुमचं ते वाक्य आठवलं. सुरीला होय म्हणायचं. नाही म्हटलं मी होय. काहीच म्हटलं नाही, पण आठवलं. उद्याही आठवणार. तुमच्यामुळे आता हा कोट मला सुखानं घालता यायचा नाही, आणि टाकताही यायचा नाही. मग तुम्ही एकट्याच का मोकळ्या सुटता?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कोट उचलला. आत हात घालायच्या आधी तक्त्याला बांधलेली फळं कापायची छोटी सुरी घेतली, कॉलर उलटी केली आणि बधिर बोटांनी निळे टाके एकेक करून कापले. गाठ काही सुटेना. खांबानं कॉलर ताणून धरली तेव्हा कुठे सुटली.

मग त्यांनी कोट घातला. अंगाला ऊब लागली, आणि ती इतकी चांगली वाटली की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते थंडीमुळे, असं खांबानं बाहेर सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी यजमानांपुढे बाईंनी ताट ठेवलं आणि ताटाशेजारी ती पांढरी पट्टी, निळ्या दोऱ्याच्या तुकड्यांसकट.

"हे तुमचं," त्या म्हणाल्या.

यजमानांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. "आणि कोट?"

"खुंटीवर आहे. फाटला की दुसरा यायचा नाही, सांगून ठेवते. पुढच्या वर्षी तेल लावायला मी नेणार आहे. तुम्ही नाही."

त्या आत गेल्या. पुढच्या चार दिवसांतही यजमानांशी त्यांचं बोलणं एवढंच झालं. यजमानांनी मात्र पट्टी फेकली नाही. पेपरच्या घडीत घालून, हळूच, खुर्चीखाली सरकवली.