साखरेच्या पाण्यातला दिवा

पालमहून बसने मी ज्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला जाते, तिथल्या नववीला सहसंयुज बंध शिकवताना माझी गाडी भरधाव सुटते. मिठात एक अणू दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देऊनच टाकतो. साखरेत मात्र अणू इलेक्ट्रॉन भागीदारीत वापरतात. म्हणून साखर पाण्यात विरघळली तरी तिचा रेणू अख्खा राहतो, आयन सुटत नाहीत आणि वीज न्यायला कोणीच नसतं. मग प्रयोग. बॅटरी, दोन तारा, छोटा एलईडी दिवा. मिठाच्या पाण्यात तो लागतो, साखरेच्या पाण्यात लागत नाही.

गेल्या वर्षी मुलांनी आपापल्या बाकावर प्रयोग केल्यावर मी लगेच वह्या तपासल्या. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘साखरेचे पाणी : दिवा लागला, पण बारीक.’ माझं डोकंच फिरलं.

"डोळे घरी ठेवून आलीस का गं?"

"लागला व्हता, मॅडम. बारीक लागला व्हता."

वर्ग हसला. मी हसू दिलं. तिच्या वहीवर भली मोठी फुली मारली आणि पुस्तकातलं वाक्य दहा वेळा लिहायला लावलं. तिनं मान वर न करता लिहिलं.

शाळा सुटल्यावर सामान आवरता आवरता मी सहज तारा साखरेच्या ग्लासात सोडल्या. दिवा लागला! ग्लास विसळून नुसतं पाणी घेतलं, तरी लागला. या प्रयोगाला मी बॅटरीच्या दुकानातलं शुद्ध पाणी मागवते. मी शिपाईमामांना हाक मारली.

"दुकान बंद व्हतं, मग क्यानमदी आपल्या बोअरचंच भरलं," मामा म्हणाले. "पाणी ते पाणीच की, मॅडम."

आमच्या बोअरच्या पाण्यात इतके क्षार, की डाळ शिजत नाही. वीज त्या क्षारांनीच नेली होती, साखरेचा काही संबंध नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण म्हणजे दिवा सगळ्यांचाच लागला होता की! एकतीस जणांनी ‘लागला नाही’ असं पुस्तकातलं उतरवलं आणि एकतीस वह्यांवर मी बरोबरची खूण केली. जे दिसलं ते लिहिणारी एकटीच, आणि शिक्षा झाली ती तिलाच. मला स्वतःची इतकी लाज वाटली की बसमध्ये शेजारच्या बाईशी धड बोलताही येईना.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी मी तिला एकटीला बोलावलं. माझी चूक कबूल करायची, ती फुली खोडायची, असं ठरवूनच आले होते. तेच पाणी, तीच साखर. दिवा नीट दिसावा म्हणून खिडकी लावून घेतली आणि तारा सोडल्या. दिवा लागला, चांगला स्पष्ट.

"आता सांग बाळा, काय दिसतंय?"

तिनं दिव्याकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ.

"लागला न्हाई, मॅडम."